तुमची ऑफर घरमालकापर्यंत पोहोचली का?

घर पाहून झालं. हॉलमध्ये ऊन छान येतं, मुलांची शाळा जवळ आहे, सासूबाईंना तर लिफ्ट पाहूनच हायसं वाटलं. रात्री जेवताना चर्चा होते आणि आकडा ठरतो, '७८ लाखांची ऑफर देऊया.' सकाळी एजंटला फोन जातो आणि मग सुरू होतं वाट पाहणं. दोन दिवसांनी उत्तर येतं, "मालक नाही म्हणाले."

मालक खरंच नाही म्हणाले का? त्यांना ७८ सांगितले गेले की ७५? की तुमचा आकडा त्यांच्या कानावर गेलाच नाही?

रिसेलचं घर घेताना अनेकदा मध्ये एक नाही, दोन एजंट असतात. एक तुमचा आणि दुसरा घरमालकाचा. पैसे तुमचे, घर त्यांचं, पण बोलणी मात्र तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या तोंडून होतात. पुणे असो की इंदूर, मुंबई असो की बंगळुरू, आयुष्यातला सर्वात मोठा व्यवहार बहुतेक घरांत असाच ठरतो. म्हणूनच हे दोन एजंट एकमेकांना ऑफर कशी कळवतात, हे घर घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने दोघांनीही समजून घ्यायला हवं.

ऑफर जाते तरी कशी?

विकायचं घर हाती आलं की एजंट त्याची माहिती इतर एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. त्यांच्या भाषेत ही 'इन्व्हेंटरी'. ज्याच्याकडे गिऱ्हाईक आहे तो 'रिक्वायरमेंट' टाकतो. दोन्ही जुळलं की घर दाखवलं जातं. कमिशनचं बोलणं आधीच झालेलं असतं. मुंबईकडे 'साइड बाय साइड' म्हणतात, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पार्टीकडून घ्यायचं. काही ठिकाणी मिळालेली सगळी रक्कम दोघांत वाटून घेतात.

घर पसंत पडलं की तुमचा एजंट समोरच्याला फोन करतो, "साहेब, पार्टी चांगली आहे, ७८ म्हणतेय, बघा ना काही होतंय का." समोरचा एजंट मालकाला सांगतो, "७८चं गिऱ्हाईक आलंय, अजून थोडं वाढेल." बघा, दोन फोन झाले आणि तुमची शेवटची किंमत ही सुरुवातीची किंमत झाली. शिवाय तुमचं कर्ज मंजूर आहे, ६० दिवसांत सगळे पैसे देणार आहात, मालकांना मुलीच्या परीक्षेपर्यंत त्या घरात राहू देण्याची तुमची तयारी आहे, हे सगळं वाटेतच गळून गेलं. मालकांपर्यंत फक्त आकडा पोहोचला.

काही वेळा साखळी आणखी लांब असते. ज्याला तुम्ही मालकाचा एजंट समजता, त्याच्या आणि मालकाच्या मध्ये तिसराच कुणीतरी असतो. म्हणून घर पाहायला जाण्याआधी आपल्या एजंटला विचारा, "समोरचे थेट मालकाच्या संपर्कात आहेत का?" एजंटांच्या भाषेत याला 'डायरेक्ट' म्हणतात. साखळीत माणसं जितकी कमी, तितकी बोलण्याची मोडतोड कमी.

कमिशनचं गणित समजून घ्या

ऑफर अडकण्यामागे दर वेळी लबाडी असते असं नाही. फोनवर बोलणं विसरतं, आकडे चुकतात, मालक गावाला गेलेले असतात. पण एक कारण असं आहे, जे प्रत्येक घरमालकाने कागदावर मांडून पाहावं.

समजा, कमिशन प्रत्येक बाजूने १ टक्का आहे. तुमच्या एजंटने तुमची ८० लाखांची ऑफर आणली. मालकाच्या एजंटला या व्यवहारात फक्त मालकाकडून, म्हणजे ८० हजार रुपये मिळणार. त्याच वेळी त्याच्याकडे स्वतःचं एक गिऱ्हाईक आहे आणि ते ७८ लाख देतंय. ते घर या गिऱ्हाइकाला गेलं, तर एजंटला दोन्ही बाजूंचं कमिशन मिळेल, म्हणजे ७८ हजारांच्या दुप्पट, १ लाख ५६ हजार रुपये. कमी किमतीच्या सौद्यात मालकाचे २ लाख बुडाले आणि एजंटला ७६ हजार जास्त मिळाले. अशा वेळी तुमची ८० लाखांची ऑफर 'राहून जाणं' किती सोपं आहे!

सगळे एजंट असं करतात असं मुळीच नाही. चांगल्या एजंटचा धंदा तोंडी शिफारशीवर चालतो आणि तो नाव जपतो. पण व्यवस्थाच अशी आहे की प्रामाणिकपणाची परीक्षा दर व्यवहारात होते आणि तिचा निकाल तुम्हाला कळत नाही.

एजंटांचीही एक भीती असते. मालक आणि गिऱ्हाईक थेट भेटले तर दोघं मिळून आपल्याला बाजूला सारतील, आपली मेहनत फुकट जाईल, असं त्यांना वाटतं. असं घडतंही. म्हणून ते नंबर देत नाहीत, भेट लांबवतात. ही भीती घालवणं तुमच्या हातात आहे. कमिशन किती आणि कधी देणार, हे सुरुवातीलाच लेखी द्या. ज्याचा मेहनताना पक्का झाला, त्याला लपवाछपवीची गरज उरत नाही.

परदेशात काय नियम आहेत?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 'नॅशनल असोसिएशन ऑफ रिअ‍ॅल्टर्स' ही एजंटांची मोठी संघटना आहे. तिची आचारसंहिता पहिल्यांदा १९१३ साली तयार झाली. आलेली प्रत्येक ऑफर आणि प्रतिऑफर निःपक्षपातीपणे आणि शक्य तितक्या लवकर मालकापुढे ठेवली पाहिजे, असं ही आचारसंहिता सांगते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, खरेदीदाराच्या एजंटने लेखी मागणी केली, तर 'तुमची ऑफर मालकाला दिली आहे' असं मालकाच्या एजंटने लेखी कळवावं लागतं. मालकाने हरकत घेतली नाही, तर ऑफर मांडली जात असताना खरेदीदाराचा एजंट तिथे हजरही राहू शकतो.

इंग्लंडमध्ये तर हा सरकारी नियमच आहे. तिथल्या १९७९च्या इस्टेट एजंट कायद्याखाली १९९१ मध्ये आदेश निघाला. आलेल्या ऑफरची माहिती एजंटने विक्रेत्याला ताबडतोब आणि लेखी दिली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. अमुक रकमेखालच्या ऑफर मला कळवू नका असं विक्रेत्यानेच सांगितलं असेल, तर तेवढ्या वगळता येतात. म्हणजे काय कळवायचं आणि काय नाही, हे ठरवण्याचा हक्क घरमालकाचा असतो.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे २०१६चा रेरा कायदा आहे. नोंदणी केलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटने रेराकडे नोंदणी करणं, हिशेब नीट ठेवणं आणि फसव्या प्रथांपासून दूर राहणं त्यात बंधनकारक आहे. महाराष्ट्रात महारेराने २०२३ साली एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. त्यामुळे एजंटकडे नोंदणी क्रमांक मागणं हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा. पण जुन्या इमारतीतल्या रिसेल फ्लॅटची ऑफर मालकाला अमुक वेळेत लेखी कळवा, असा इंग्लंडसारखा नियम रेराच्या एजंटविषयक कलमांत नाही.

तरीही दीडशे वर्षांपूर्वीचा एक कायदा इथे उपयोगी पडतो. तो म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, प्रस्ताव ज्याला दिला त्याला तो कळला, तेव्हाच तो पोहोचला असं मानलं जातं. तुम्ही आपल्या एजंटला आकडा सांगितला म्हणजे ऑफर दिली, असं होत नाही.

दुसरी, प्रस्तावाला मुदत घालता येते. ती संपली की प्रस्ताव आपोआप संपतो. मुदत घातली नसेल तर 'वाजवी वेळ' किती, यावर वाद होऊ शकतो. शिवाय समोरून होकार येण्याआधी तुम्ही तो मागेही घेऊ शकता.

तिसरी, होकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. "७८ नको, ८१ द्या" हा होकार नाही, तो नवा प्रस्ताव झाला. इंग्लंडमधला १८४० सालचा एक खटला आपल्याकडे कायद्याचे विद्यार्थी आजही शिकतात. एकाने १,००० पौंडांना शेत विकायची तयारी दाखवली. समोरच्याने ९५० देतो म्हटलं. मालकाने नकार दिल्यावर तो म्हणाला, "बरं, १,००० घ्या." कोर्टाने सांगितलं, करार झालाच नाही, कारण ९५० म्हणताक्षणी १,०००चा प्रस्ताव संपला होता. घासाघीस करताना हे ध्यानात असू द्या. मालकाचा आकडा एकदा नाकारला की तो तुमच्यासाठी राखून ठेवलेला नसतो.

ऑफर लेखी कशी द्यावी?

यासाठी वकील लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर साधा, नीट लिहिलेला मेसेज पुरे. तो आपल्या एजंटला पाठवा आणि 'हा जसाच्या तसा पुढे पाठवा' असं सांगा. तुमच्या एजंटने तो शब्दांत न बदलता समोरच्या एजंटला द्यायचा आणि त्याने मालकाला. मेसेज साधारण असा असावा :

"नमस्कार सर. आज पाहिलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या २ बीएचके फ्लॅटसाठी आमची ऑफर अशी आहे.

किंमत : ७८ लाख रुपये, एका कार पार्किंगसह. किचन ट्रॉली, पंखे आणि गीझर घरातच राहतील.

पैशांची व्यवस्था : स्वतःचे २३ लाख, बँकेचं कर्ज ५५ लाख. बँकेचं तत्त्वतः मंजुरीपत्र सोबत जोडलं आहे.

वेळ : कागदपत्रं तपासल्यावर १५ दिवसांत साठेखत, त्यानंतर ६० दिवसांत उरलेली सर्व रक्कम. ताबा मालकांच्या सोयीने, मेअखेरपर्यंत चालेल.

अटी : कागदपत्रं स्वच्छ असणं आणि या फ्लॅटवर बँकेने कर्ज मंजूर करणं. सोसायटीची हस्तांतरण फी दोघांत निम्मी-निम्मी.

ही ऑफर रविवारी संध्याकाळी ६ वाजेपर्यंत आहे. मालकांना मेसेज मिळाल्याचं कृपया कळवावं."

बघा, यात घासाघीस नाही, विनवणी नाही, पण मालकाला निर्णय घ्यायला लागणारं सगळं आहे. असा मेसेज आपल्या नावाने पुढे पाठवायला एजंटलाही बरं वाटतं. कारण उद्या वाद झाला तर त्याच्याकडेही पुरावा असतो.

तत्त्वतः मंजुरीपत्र जोडण्याचं एक खास कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतचं ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचं ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च वेगळा. म्हणजे स्वतःच्या खिशातली रक्कम मोठी लागते आणि ऐनवेळी ती कमी पडली की सौदे मोडतात. ज्याने हा हिशेब आधीच करून दाखवला, त्याचा आकडा थोडा कमी असला तरी मालकाला तो खात्रीचा वाटतो.

हस्तांतरण फीचंही आधीच बोलून घ्या. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना महापालिका हद्दीत हस्तांतरणाचा प्रीमियम २५ हजार रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. तो कुणी भरायचा, हे मात्र दोन्ही पार्ट्यांनी ठरवायचं असतं.

कमाल आकडा घरातच ठेवा

"तुमचं शेवटचं सांगा, मी मालकाशी बोलून बघतो," असं एजंट म्हणतो. आपण मोकळेपणाने सांगतो, "ऑफर ७८ची द्या, पण ८२ पर्यंत जाऊ." हा ८२ चा आकडा दुसऱ्या एजंटकडे जायला एक फोन पुरतो. 'पार्टी ताणली तर ८२ देईल,' हे कळल्यावर ७८ ला कोण होकार देईल? मर्यादा नवरा-बायकोने किंवा घरातल्या मोठ्यांनी आपसांत ठरवावी. एजंटला फक्त आजची ऑफर सांगावी. समोरून प्रतिऑफर आली की पुढचा आकडा, तोही लेखी.

"दुसरी पार्टी ८० देतेय, आजच टोकन द्या," असा निरोपही अनेकदा येतो. तो खरा असू शकतो, खोटाही. वाद घालू नका. शांतपणे सांगा, "आमची ऑफर लेखी दिली आहे. मालकांचा जो निर्णय असेल तो लेखी कळवा." एवढ्याने बरेचदा चित्र स्पष्ट होतं.

टोकन देण्याआधी

किंमत ठरली की टोकन मागितलं जातं. कुठे त्याला इसार म्हणतात, दिल्लीकडे बयाना. नाव काहीही असो, ही रक्कम देण्याआधी एकदा तरी मालकांना समोरासमोर भेटा. मालक परगावी असतील तर व्हिडिओ कॉल करा. दोन्ही एजंट बसलेले असताना, चहाच्या टेबलावर ऑफरमधल्या सगळ्या अटी एकदा मोठ्याने वाचा. कुठे गैरसमज असेल तर तो इथेच बाहेर येतो.

टोकन चेकने किंवा बँक ट्रान्सफरने थेट मालकाच्या खात्यात द्या, एजंटच्या खात्यात नको. घर विक्रीपोटी २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि स्वीकारली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. 'थोडी रक्कम रोख' असा निरोप आला तर त्याला तिथेच नाही म्हणा. पावतीवर सगळ्या सहमालकांच्या सह्या घ्या. कर्ज नाकारलं गेलं किंवा कागदपत्रांत दोष निघाला तर टोकन किती दिवसांत परत मिळेल, हेही त्यावर लिहून घ्या.

घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. मालक परदेशात राहणारे असतील तर हा नियम वेगळा आहे आणि कपात बरीच जास्त असते. म्हणून मालक कुठे राहतात हे ऑफर देतानाच विचारा.

घर विकत असाल तर

आता खुर्ची बदला. घर तुमचं आहे आणि ऑफर तुमच्याकडे येणार आहेत. एजंटला घराची किल्ली देतानाच चार गोष्टी मेसेजवर लिहून द्या.

• आलेली प्रत्येक ऑफर त्याच दिवशी, लेखी आणि मूळ मेसेजसह मला कळवा. ठराविक रकमेखालच्या नको असतील तर ती रक्कम मी सांगेन.

• कोणत्या एजंटकडून आली तेही कळवा. गिऱ्हाईक तुमचं स्वतःचं असेल तर तसं स्पष्ट सांगा.

• माझा होकार किंवा नकार मी लेखी देईन. माझ्या वतीने तोंडी होकार देऊ नका.

• एकाशी व्यवहार ठरला की बाकीच्यांना लगेच कळवा. दोघांकडून टोकन घ्यायचं नाही.

आलेल्या ऑफर एका वहीत मांडा. तारीख, किंमत, स्वतःचे पैसे किती, कर्ज किती, ताबा कधी. फक्त किमतीचा रकाना पाहू नका. ८० लाखांची पण कर्जाचा पत्ता नसलेली ऑफर आणि ७८ लाखांची, मंजुरीपत्र जोडलेली ऑफर, यांतली कोणती पदरात पडेल याचा विचार करा.

घर वडिलोपार्जित असेल तर आणखी एक काळजी. आई नागपूरला, एक भाऊ बडोद्यात, बहीण अमेरिकेत, अशी कुटुंबं आता घरोघरी आहेत. एजंट ज्याच्या संपर्कात आहे त्यालाच ऑफर कळते आणि बाकीच्यांना नुसतं 'सौदा ठरला' एवढंच. पुढे रुसवेफुगवे होतात, कधी सही अडते. त्यापेक्षा सगळ्या सहमालकांचा एक ग्रुप करा आणि प्रत्येक ऑफरचा मूळ मेसेज तिथे टाका. आईला वाचता येत नसेल तर कुणीतरी तिला फोन करून नीट समजावून सांगा. तिच्या नावचं घर आहे, तर भाव तिला आधी कळायला हवा.

तुमची ऑफर सध्या कुठे अडकली असेल, तर आजच एजंटला दोन ओळींचा मेसेज करा, "आमची ऑफर मालकांना कोणत्या तारखेला आणि कोणत्या शब्दांत कळवली? त्या मेसेजची प्रत पाठवाल का?" चांगला एजंट ती पाच मिनिटांत पाठवेल. प्रत आलीच नाही, तर तीच ऑफर मुदत घालून पुन्हा लेखी द्या आणि मालकांच्या भेटीची वेळ मागा.